भडगावला घरी डार्करूम बांधतोय : पाणी, निचरा आणि हवा याबद्दल सल्ला हवा

गिरणाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. भडगावला आमचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे, मागच्या बाजूला वडिलांनी नंतर वीट-सिमेंटच्या दोन खोल्या काढल्या. धाब्याच्या भागात माजघराला लागून कोठीची खोली आहे, आधी तिथे ज्वारी-बाजरीच्या कणग्या असायच्या, आता रिकामी. आतून ७ बाय ८ फूट, उंची ९ फूट. तीन भिंती मातीच्या, चांगल्या दीड हात जाड, आणि चौथी भिंत नव्या खोलीला लागून, ती विटांची. खिडकी नाही, एक दार, वरती एक झरोका. इथे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायची डार्करूम, म्हणजे फोटोच्या कागदावर उजेड पडू नये अशी अंधारी खोली, करायचीय.

चार वर्षं झाली फिल्मवर फोटो काढतोय. फिल्म बाथरूममध्येच धुतो, चेंजिंग बॅगमध्ये (हात घालायची उजेडबंद पिशवी) फिल्म टँकमध्ये (झाकणाचा उजेडबंद डबा) भरली की झालं, त्याला खोली लागत नाही. पण पुढे स्कॅन करून मोबाईलवरच पाहतो. मागच्या महिन्यात चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी, म्हणजे आता जे संग्रहालय आहे तिथे, गेलो होतो. त्यांचे टेबलटॉपचे (टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या फोटोंचे) प्रिंट समोर उभं राहून पाहिले, अर्धा तास हललो नाही. स्टेशनजवळच्या त्या घरात राहून १९८९ पर्यंत माणसाने हे केलं, याच उन्हात, याच धुळीत. तिथून परत येताना ठरवलं की आता कागदावर काढायचं.

शेजारच्या तालुक्यातल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी दुकान आवरलं, त्यांच्याकडून एन्लार्जर (निगेटिव्ह मोठा करून कागदावर पाडायचं यंत्र), ईझल (कागद सपाट धरायची चौकट), चार ट्रे, चिमटे आणि लाल दिवा मिळाला. अंधार करणं जमेल असं वाटतं. अडलंय ते तीन गोष्टींवर. पाणी नळाला चार दिवसाआड येतं, बाकी बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो. निचरा कुठे काढायचा कळत नाही, अंगणात संडासची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे. आणि हवा, खोलीत दार लावलं की दहा मिनिटात कोंडतं. शिवाय एप्रिल-मे आहेच. पुस्तकात सगळीकडे २० डिग्री लिहिलेलं असतं, आपल्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्याने हात भाजतो.

---

भुसावळ_लोको | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

वा भाऊ, लई आनंद झाला वाचून. आपल्या भागात हे करणारं कोणी आहे हेच माहीत नव्हतं. मेजर रॉबर्ट गिल आठवला, १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं रंगवत बसलेला, त्याच्या बऱ्याच प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, मधल्या काळात तो कॅमेऱ्याकडे वळला होता आणि लेण्यांचे फोटो काढत होता. १८७९ मध्ये वारला, कबर आमच्या भुसावळात आहे. तेव्हा ना नळ ना वीज. तुमच्याकडे निदान बोअर आहे!

एक सांगतो, अंधार तपासायचा तो दुपारी १ ते ३ मध्ये, रात्री नाही. आत पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं, डोळे सरावले की मग हाताच्या अंतरावर पांढरा कागद धरायचा. दिसला तर कुठूनतरी उजेड येतोय. दाराच्या चौकटीची फट आणि धाब्याचे सरे, लाकडं भिंतीत जातात तिथली भोकं, हे नक्की निघणार.

---

पाना_पक्कड | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी जळगावला प्लंबिंगची कामं घेतो, फोटोचं काही कळत नाही पण धाब्याची घरं पुष्कळ पाहिलीत म्हणून आधी हेच सांगतो, मातीच्या भिंतीत झिरी मारून पाईप टाकू नका. आतून एखादा जॉइंट पाझरला तर कळायला सहा महिने लागतात आणि तोवर भिंत आतून चिखल झालेली असते. अशी एक भिंत बसलेली डोळ्याने पाहिली आहे.

तुमची चौथी भिंत विटांची आहे म्हणता, तर पाण्याचं सगळं तिथेच. सिंक तिथे, नळ तिथे, निचऱ्याचा पाईप त्याच भिंतीतून आरपार नव्या खोलीच्या बाथरूमकडे. पाईप सगळे बाहेरून क्लॅम्पवर, दिसले तर दिसू द्या. मातीच्या भिंतींना खालून वीतभर उंच स्कर्टिंग, आणि जमीन शेणामातीची असेल तर काढून कोबा करून त्यावर वॉटरप्रूफिंग आणि टाईल, उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीकडे.

निचऱ्याचा पाईप २ इंची घ्या, दीड इंची नको. उतार दर १० फुटाला ३ इंच. कमी दिला तर गाळ बसतो. सिंकखाली पी-ट्रॅप (वास अडवणारा वळणाचा पाईप) लावा, उघडून साफ करता येईल असा. केमिकल काय काय जाणार ते सांगा म्हणजे पाईपचं बोलू.

---

केमिस्ट्रीबाई | १० फेब्रुवारी, दुपारी ४:३०

नंदुरबारला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पाना_पक्कड दादांच्या प्रश्नाचं उत्तर देते.

चित्र उमटवतो तो डेव्हलपर म्हणजे मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि अल्कली. ते काम थांबवतो तो स्टॉप बाथ म्हणजे सौम्य आम्ल. चित्र पक्कं करतो तो फिक्सर म्हणजे हायपो, सोडियम किंवा अमोनियम थायोसल्फेट. यातलं फिक्सर धातूला वाईट. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाईप, सगळं खातं. त्यामुळे निचरा पूर्ण पीव्हीसीचाच, जाळीसुद्धा प्लास्टिकची. स्टीलच्या सिंकवर फिक्सर सांडून तसंच राहिलं तर साध्या ३०४ स्टीलला पण बारीक खड्डे पडतात.

आणि एक, गवंडी हमखास कडप्पा बसवेल. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, कोटा पण. आम्लाने झिजतो, पांढरे डाग पडतात. स्टॉप बाथ सांडणार म्हणजे सांडणारच, तेव्हा ग्रॅनाइट घ्या किंवा प्लायवूडवर फायबर-इपॉक्सीचा थर. टाईल लावल्या तर जोडात पांढरं सिमेंट नको, इपॉक्सी ग्राउट भरा.

स्टॉप बाथला अॅसेटिक अॅसिड आणू नका. बंद खोलीत त्याचा वास डोक्यात जातो. लिंबूसत घ्या, किराणा दुकानात मिळतं तेच, लिटरला १५ ते २० ग्रॅम. वास नाही आणि काम तेच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या सिंकमध्ये संडास धुवायचं अॅसिड किंवा ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका. हायपोवर तीव्र आम्ल पडलं की गंधक सुटतं आणि सल्फर डायऑक्साइड वायू निघतो, आणि फिक्सर आम्लधर्मी असेल तर ब्लीचमधून क्लोरीन निघतो. सात बाय आठच्या खोलीत हे जिवावरचं आहे. घरात जी ताई साफसफाई करते तिलाही सांगून ठेवा, नुसतं तुम्हाला माहीत असून उपयोग नाही.

---

रावेर_केळी | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

राम राम भो. मी रावेरकडचा, केळी लावतो. माझ्याकडे डार्करूम नाही, पण तुमच्या कामाच्या दोन वस्तू आमच्या वावरात पडलेल्या असतात.

एक म्हणजे मल्चिंग पेपर, पिकाच्या बुडाशी अंथरायचा प्लास्टिकचा कागद, एका बाजूने चंदेरी एका बाजूने काळा. दार आणि झरोक्यावर लावा, दोन थर लावा कारण २५-३० मायक्रॉनचा असतो, एका थरात टाचणीएवढी भोकं निघतात. टरबूजवाल्यांकडे उरलेला रोल फुकट मिळेल.

दुसरं ठिबकचं डिस्क फिल्टर. बोअरच्या लाईनवर आधी ते टाका, वाळू-माती तिथेच अडकते, धुवून परत वापरता येतं. त्याच्यापुढे आरओला असतं ते ५ मायक्रॉनचं पांढरं कार्ट्रिज लावा. उलट केलं किंवा डिस्क लावलंच नाही तर कार्ट्रिज आठ दिवसात चोक होईल.

उन्हाचं म्हणाल तर कुलर लावा ना भाऊ. सोपी गोष्ट आहे.

---

धुळेकर_एक्सरे | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:५०

एक्सरे टेक्निशियन म्हणून तीस वर्षं काढली, त्यातली बरीच डार्करूममध्ये. डिजिटल आल्यावर ती खोली स्टोअररूम झाली. म्हणून या धाग्यावर सविस्तर लिहितो, कारण हवेच्या बाबतीत आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नयेत.

एका जुन्या दवाखान्यात आमच्या डार्करूमचा पंखा छताला होता. ट्रे खाली, पंखा वर, मध्ये माझं तोंड. म्हणजे फिक्सरची सगळी वाफ माझ्या नाकासमोरून वर जायची. सहा-सात वर्षं खोकला गेला नाही, मला वाटायचं धूळ बाधते. नवीन ठिकाणी पंखा ट्रेच्या मागे, ट्रेच्या उंचीवर लावला, खोकला बंद. सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खालीच पसरतो. ताजी हवा तुमच्या पाठीमागून आली पाहिजे आणि ट्रेवरून पुढे बाहेर गेली पाहिजे. माणूस मध्ये नको. आणि ट्रेच्या रांगेत फिक्सर पंख्याच्या सर्वात जवळ ठेवा.

किती हवा लागते ते काढून दाखवतो. तुमची खोली ७ × ८ × ९ म्हणजे ५०४ घनफूट, साधारण १४.३ घनमीटर. डार्करूममध्ये तासाला किमान १० वेळा पूर्ण हवा बदलली पाहिजे, मी १५ धरतो. म्हणजे तासाला २१४ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर घनमीटर प्रतितास असा आकडा छापलेला असतो. पण तो मोकळ्या हवेतला, उजेड अडवायला पाईपला वळणं दिली की हवा कमी होते. म्हणून ३५० च्या वरचाच घ्या.

उजेड अडवायला ६ इंची पीव्हीसीचे दोन एल्बो (काटकोनी जोड) इंग्रजी झेडसारखे जोडायचे, आतून मॅट काळा रंग. चकचकीत नको, चकचकीत रंगावरून उजेड उड्या मारत आत येतो. हवा आत यायला दाराच्या खाली तशीच वळणाची जाळी.

कुलरला माझा विरोध आहे. ओलाव्याने कागद एकमेकाला चिकटतो, लेन्सला बुरशी धरते.

---

रावेर_केळी | ११ फेब्रुवारी, दुपारी १:०५

काका मान्य, पण आपल्याकडची मे महिन्यातली हवा किती कोरडी असते? ओठ फुटतात. त्या हवेत कुलरने थोडा ओलावा आला तर बिघडत नाही. पावसाळ्यात कुलर लावायचाच नाही, तेव्हा तो गार पण करत नाही.

---

धुळेकर_एक्सरे | ११ फेब्रुवारी, दुपारी २:४०

हे बरोबर बोललात. मी बारमाही हॉस्पिटलच्या हिशोबाने बोललो. मग असं करा, कुलर खोलीत ठेवू नका, शेजारच्या माजघरात ठेवा आणि त्याची हवा वळणाच्या डक्टने आत सोडा. म्हणजे कुलर हवा आत ढकलेल, पंखा बाहेर काढेल. आत येणारी जास्त आणि बाहेर जाणारी थोडी कमी ठेवली की फटीफटीतून हवा बाहेरच जाते, धूळ आत येत नाही. निगेटिव्हवर धुळीचा एक कण आला तर प्रिंटवर पांढरा ठिपका, तुम्हाला माहीतच आहे. जूनपासून कुलरच्या जागी फिल्टर लावलेला साधा पंखा.

---

रावेर_टू_पुणे | ११ फेब्रुवारी, रात्री ८:३०

गाव सोडून वीस वर्षं झाली, पुण्यात दोन जणांच्या डार्करूम पाहिल्यात, दोन्ही स्लॅबच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लागून आणि व्यवस्थित चालतात. एवढा खटाटोप कशाला? नव्या पक्क्या खोलीतच करा की, प्लंबिंग तयार आहे. मातीच्या खोलीत वरून पांढरी माती पडणार, वाळवी लागणार.

---

गिरणाकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय.

@रावेर_टू_पुणे दादा, तुमचं म्हणणं मी पण महिनाभर घोळवलं. पण गेल्या मे महिन्यात दोन्ही खोल्यांत थर्मामीटर ठेवला होता. दुपारी ४ ला स्लॅबच्या खोलीत ३९, कोठीत ३१. रात्री ११ ला स्लॅबच्या खोलीत अजून ३६ आणि कोठीत ३०. मला काम रात्रीच करायचंय, तेव्हा हा सहा डिग्रीचा फरक फार मोठा आहे. मातीची भिंत फुकटात जे देते ते एसी लावून मिळवायचं नाही. वरून माती पडते ते खरं, त्याला पीव्हीसी पॅनलचं खोटं छत लावणार.

@केमिस्ट्रीबाई मॅडम, सेप्टिक टाकीत हे सोडलं तर चालेल का? आणि फिक्सरमधल्या चांदीचं काय करायचं?

---

केमिस्ट्रीबाई | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४५

सेप्टिक टाकीत नको. ती टाकी जिवाणूंवर चालते. वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते आणि ती जिवाणूंना घातक, शिवाय शोषखड्ड्यातून पुढे जमिनीत जाणार, तुमचा बोअर पण त्याच अंगणात असेल. डेव्हलपर जुना झाला तरी ऑक्सिजन शोषतो. घरगुती प्रमाण कमी असलं तरी मी टाकीत सोडणार नाही.

दोन वेगळ्या वाटा करा. प्रिंट धुतलेलं पाणी, ज्यात केमिकल अगदी नावाला असतं, ते सिंकमधून पाईपने जाऊ द्या, आणि तेही सेप्टिकमध्ये न नेता वेगळा छोटा शोषखड्डा खणा, बोअरपासून लांब. ट्रेमधलं केमिकल सिंकमध्ये ओतायचंच नाही, नरसाळ्याने कॅनमध्ये परत. डेव्हलपरचा कॅन वेगळा, फिक्सरचा वेगळा.

वापरलेल्या फिक्सरच्या कॅनमध्ये स्टील वूल टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. स्टील वूल म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं लोखंडाचं, भांडी घासायची चकचकीत स्टेनलेसची घासणी चालणार नाही, ती विरघळतच नाही. तो गाळ साठवत राहा.

---

धुळेकर_एक्सरे | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

आमच्याकडचं वापरलेलं फिक्सर विकत न्यायला माणसं यायची, कॅन मोजून पैसे द्यायची. जुन्या एक्सरे फिल्म पण न्यायची. जळगावला सोन्या-चांदीची एवढी मोठी पेठ आहे, गाळणाऱ्यांपैकी कोणीतरी तो गाळ घेईल, विचारून बघा. घरगुती कामात पैसे नगण्य मिळतील पण माल योग्य माणसाकडे जाईल.

---

भुसावळ_लोको | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

विजेचं कोणीच बोललं नाही. ओले हात आणि अंधार, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगली अर्थिंग याशिवाय एकही स्विच चालू करू नका. ओली बाजू एका भिंतीला, कोरडी म्हणजे एन्लार्जरची बाजू समोरच्या भिंतीला. प्लग सगळे कोरड्या बाजूला आणि ओट्याच्या वर. ट्यूबलाईट नको, बंद केल्यावर पण ती थोडा वेळ मंद चमकत राहते. आणि एन्लार्जरला स्टॅबिलायझर, आपल्याकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, बल्ब मंद होतो आणि १२ सेकंदाचा प्रिंट काल वेगळा आज वेगळा येतो, माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

जुना लाल दिवा तपासून घ्या. कागदाला आधी एन्लार्जरखाली अगदी हलका, जेमतेम राखाडी येईल इतका उजेड द्या, मग त्यावर नाणं ठेवून लाल दिव्याखाली सात-आठ मिनिटं ठेवा आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला.

---

गिरणाकाठ | २१ मार्च, रात्री ९:५५

महिन्याभराने येतोय, काम चालू होतं. कोबा, टाईल, खोटं छत झालं. मी परगावी होतो तेव्हा गवंड्याने ओट्याला कडप्पाच आणून टाकला होता, मॅडमचं वाक्य त्याला वाचून दाखवलं, लिंबूसताचं पाणी एका तुकड्यावर रात्रभर ठेवलं, सकाळी तिथे पांढरा खरबरीत डाग. त्याने स्वतःच परत नेऊन ग्रॅनाइट आणला. सिंक प्लायवूड आणि फायबरचं गावातच करून घेतलं, ६ फूट लांब, तीन ट्रे मावतात, काठ जमिनीपासून ३६ इंच.

पण एक अडचण आलीय. पंखा लावून दार बंद केलं की पंधरा-वीस मिनिटांनी गटारीसारखा वास येतो. केमिकल अजून आणलेलीच नाहीत. पंखा बंद केला की वास कमी होतो. उलट व्हायला पाहिजे ना?

---

पाना_पक्कड | २२ मार्च, सकाळी ६:५०

नहाणी ट्रॅप कोरडा पडलाय. ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असतं तेच वास अडवतं. तुमच्याकडे जमिनीवर पाणी पडतच नाही, वरून मार्चचं ऊन, सुकलं असणार. आणि दार बंद, पंखा हवा बाहेर फेकतोय, त्याला आत कुठूनतरी हवा पाहिजे, ती तो पाईपमधून ओढतोय. दाराखालची जाळी बसवली का? नसेल तर आधी ती. आणि नहाणीत रोज तांब्याभर पाणी ओता. माझ्या कामात हे स्वयंपाकघराच्या चिमणीने पण होतं, जोरात चिमणी लावली की मोरीचा वास.

एक विचारतो, नहाणीचा पाईप कुठे जोडला?

---

गिरणाकाठ | २२ मार्च, रात्री १०:२०

दादा, जाळी राहिलीच होती, सुतार आला नव्हता. आणि नहाणीचा पाईप जवळ पडतो म्हणून मिस्त्रीने बाथरूमच्या लाईनला म्हणजे सेप्टिकलाच जोडला होता. सिंकचा मात्र वेगळ्या खड्ड्यात आहे. उद्या तो पण तोडून नव्या खड्ड्यात घेतो.

---

पाना_पक्कड | २३ मार्च, सकाळी ७:००

घ्या. टाईल फोडावी लागली तरी घ्या, आता फोडणं स्वस्त पडेल.

---

गिरणाकाठ | १९ एप्रिल, रात्री ११:३०

पाईप बदलला, जाळी बसली, माजघरातून कुलरचा डक्ट आला. वास पूर्ण गेला. दाराजवळ उदबत्ती लावून बघितली, धूर सरळ ट्रेवरून पंख्याकडे जातो, माझ्या तोंडाकडे येत नाही. काका, हे तुम्हाला दाखवायला पाहिजे होतं.

पंख्याचं तोंड पश्चिमेला असल्याने दुपारी ४ नंतर दोन एल्बोमधून पण हलका उजेड यायचा. तिसरा एल्बो जोडला, आता काही नाही.

पाणी असं बसवलंय. पहाटे ५ ला पंप लावून खोलीतच २०० लिटरचा निळा ड्रम भरतो. छतावरच्या टाकीचं पाणी वापरतच नाही, दुपारी ते ४३ डिग्री होतं. खोलीतलं ड्रमचं पाणी रात्री २८ ला असतं. डेव्हलपर आणि फिल्मचं शेवटचं पाणी आरओचं, बोअरच्या पाण्याने फिल्मवर चुन्याचे ठिपके पडायचे ते बंद झाले. केमिकलच्या बाटल्या पाण्याच्या परातीत ठेवून त्यात बर्फाची बाटली सोडतो, वीस मिनिटात २४ ला येतं. २० चा हट्ट सोडला. एचपी५ फिल्मला आयडी-११ डेव्हलपर एकास एकमध्ये (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) २० डिग्रीला १३ मिनिटं लागतात, २४ ला ९ च्या आसपास.

---

केमिस्ट्रीबाई | २० एप्रिल, सकाळी ११:००

२४ उत्तम. फक्त सगळी द्रावणं आणि धुवायचं पाणी एकाच तापमानाच्या जवळपास ठेवा, डेव्हलपर २४ आणि पाणी ३२ असं नको, फिल्मवरचं जिलेटीन एकदम फुगतं आणि त्यावर जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. मे महिन्यात २४ जमलं नाही तर एकास तीन करा म्हणजे वेळ वाढेल.

---

रावेर_केळी | २० एप्रिल, दुपारी १२:४०

धुवायला पाणी किती जातं भो? आमच्याकडे आता बोअर पण धापा टाकायला लागलेत.

---

गिरणाकाठ | २० एप्रिल, रात्री ९:१५

फिल्मला फारच कमी. इलफोर्डची एक पद्धत आहे, टँक पाण्याने भरून ५ वेळा उलटसुलट करायचा, पाणी ओतून द्यायचं, परत भरून १० वेळा, परत भरून २० वेळा. दीड लिटरमध्ये एक रोल. नळाखाली अर्धा तास सोडायची गरज नाही. कागद आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) घेतोय, त्याला वाहत्या पाण्यात दोन मिनिटं पुरतात. फायबरच्या, म्हणजे असा थर नसलेल्या, कागदाला तासभर पाणी लागतं म्हणून तो पावसाळ्यानंतर. ट्रेला तुमच्याच ठिबकच्या नळीचा तुकडा भोकं पाडून लावलाय, एका बाजूने पाणी येतं, दुसऱ्या बाजूने सांडतं. ते सांडलेलं पाणी वेगळ्या ड्रममध्ये धरून अंगण धुवायला वापरतो, झाडांना नाही.

---

गिरणाकाठ | ११ मे, रात्री १:४०

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितो. आज पहिला प्रिंट निघाला.

आई गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालतेय, मागच्या वर्षीचा निगेटिव्ह आहे. खाटेवर पांढऱ्या धोतरावर ओळीने बिबडे, आईचा हात आणि वर ते पांढरंफटक आकाश. पहिल्यांदा दोन नंबरच्या ग्रेडला (आकडा जितका मोठा तितका काळ्या-पांढऱ्यातला फरक तीव्र) काढला तर बिबडे सगळे कागदासारखे पांढरे, आतली ज्वारीची कणी दिसेना. दीडवर आणून आकाशाला आठ सेकंद जास्त दिले, मग दिसली. डेव्हलपरमध्ये कागद सोडल्यावर पहिल्यांदा आईच्या बांगड्या उमटल्या, मग हात. मी ट्रे हलवायचाच विसरलो.

बाहेर ४४ होतं दिवसा. आत रात्री कुलरवर २७. तीन तास आत होतो, डोकं दुखलं नाही, डोळे चुरचुरले नाहीत. आईला उठवून दाखवला. ती म्हणे, "बठ्ठा बिबडा मोजता येई राहिनात रे." म्हणजे सगळे बिबडे मोजता येतायत रे.

---

धुळेकर_एक्सरे | ११ मे, सकाळी ६:१५

वाचून डोळ्यात पाणी आलं पोरा. बांगड्या आधी उमटल्या कारण त्या तुझ्या फोटोत सगळ्यात काळ्या होत्या, पण तुझ्या लक्षात तेच राहील.

प्रिंट सुकवायला अंगणात दोरीवर टाकू नको, या दिवसात वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. खोलीतच चिमट्याने टांग, पंखा बंद करून, आरसीचा कागद तासाभरात सुकतो.

---

भुसावळ_लोको | ११ मे, सकाळी ८:४०

अभिनंदन भाऊ!! मला पण आता रेल्वे क्वार्टरमध्ये न्हाणीघरात तात्पुरतं करून बघायचंय. पंखा कितीचा घेतला आणि डक्ट केवढा, तेवढं सांगा.

---

गिरणाकाठ | ११ मे, रात्री १०:०५

पंखा ८ इंची, खोक्यावर ४०० घनमीटर प्रतितास लिहिलंय, तीन एल्बो लावल्यावर किती उरतं ते मोजायला साधन नाही पण उदबत्तीचा धूर चार-पाच सेकंदात ओढला जातो. मागे ८ चा ६ करायचा रिड्यूसर आणि ६ इंची पीव्हीसी. दाराखालची जाळी १८ बाय ६ इंच, आत तीन आडव्या पट्ट्या, मॅट काळ्या. न्हाणीघरात करणार असाल तर आधी तिथल्या ट्रॅपमध्ये पाणी आहे का बघा आणि अॅसिडची बाटली बाहेर काढून ठेवा.